बिल्ला आधी उलटा करा

कोकणातल्या जुन्या घरात फौजेतली एखादी वस्तू निघणं नवलाचं नाही. रत्नागिरी आणि जुना कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, हे जिल्हे बॉम्बे आर्मीच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातल्या फौजेच्या, भरतीचे हक्काचे जिल्हे होते. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर सुभेदार-हवालदारांची वस्तीच होती. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला तर ‘फौजी’ हे विशेषण कायमचं चिकटलं. त्यामुळे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, फडताळाच्या कोपऱ्यात नाहीतर भंगारवाल्याच्या गोणीत पितळी आकडे, अक्षरं, बिगुलाचे बिल्ले, राजाचं तोंड असलेली पदकं अजूनही मिळतात.

मिळाल्यावर बहुतेक जण एकच गोष्ट करतात: घासून लख्ख करतात आणि पुढच्या बाजूचा फोटो काढून ‘हे काय आहे, किती किमतीचं आहे’ असं विचारतात. दोन्ही चुकीचं. वस्तू काय आहे हे पुढच्या बाजूवरून कळतं, पण ती कुणी खरंच अंगावर घातली होती का, कुठे आणि कशी, हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. आणि घासण्याने नेमकं तेच पुसलं जातं.

मागची बाजू

कापडावर बसणाऱ्या धातूच्या बिल्ल्याला मागे काहीतरी पकड लागते. ब्रिटिश काळात ती मुख्यतः दोन प्रकारची होती. पहिली म्हणजे मागे डाख देऊन बसवलेल्या तारेच्या दोन कड्या. कापडाला दोन भोकं पाडून कड्या आत घालायच्या आणि आतल्या बाजूने दोन्हींतून एक स्प्लिट पिन सरकवायची. नीटनेटका शिपाई कापड आणि पिन यांच्यामध्ये दोन खाचांची एक पातळ पितळी पट्टी घालायचा, म्हणजे पिन घट्ट बसायची, बिल्ला डुगडुगत नसे आणि कापडही फाटत नसे. दुसरी पकड म्हणजे स्लायडर, मागे उभी चपटी पट्टी. टोपीच्या पट्ट्यात किंवा घडीत ती नुसती खोचायची. स्लायडर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आला आणि तो टोपीच्या बिल्ल्यांना असतो. खांद्यावरच्या आणि कॉलरच्या बिल्ल्यांना कड्याच असतात.

आता वापराच्या खुणा. बिल्ला रोज घासला जायचा, पण फक्त पुढून. त्यामुळे खऱ्या वापरातल्या बिल्ल्याचे उंच भाग, म्हणजे मुकुटाचा माथा, आकड्यांच्या कडा, बिगुलाची दोरी, गुळगुळीत झालेले असतात आणि मागची बाजू काळपट-तपकिरी, न घासलेली राहते. कोपऱ्याकापऱ्यांत पॉलिशचा पांढरट-हिरवट चुरा वाळून बसलेला दिसतो. कड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे पिन घासायची, तिथे तार थोडी झिजलेली असते. भिंगातून ही झीज सहज दिसते. याउलट पुढून आणि मागून एकसारखा काळा रंग, झीज कुठेच नाही आणि कड्या अगदी सरळ, नव्या वाटणाऱ्या, असा बिल्ला समोर आला की त्याला ‘जुना’ म्हणायची घाई करू नये. तो एकतर कधीच न वापरलेला आहे, नाहीतर परवा तयार करून रसायनात बुडवलेला आहे. दुसरी शक्यता जास्त.

बिल्ला घासताना गणवेशाला पॉलिश लागू नये म्हणून शिपायाकडे मध्ये लांब खाच असलेली एक पितळी पट्टी असे. ती बटणामागे सरकवायची, म्हणजे फक्त बटण पट्टीच्या वर राहायचं आणि पॉलिश पट्टीवर उतरायचं. अशी पट्टी घरात मिळाली तर फेकू नका. लोक तिला बिजागरीचा तुकडा समजतात.

कडी तुटून पुन्हा डाख दिलेला असेल तर मूळ डाखाच्या शेजारी नवा, जास्त चमकदार थर दिसतो. त्याने वस्तू खोटी ठरत नाही. पलटणीतही दुरुस्ती होत असे. मात्र दोन्ही कड्या काढून तिथे साडीला लावतात तशी पिन बसवली असेल, तर घरच्यांनी नंतर त्याचा दागिना केला असं समजावं.

कुठे लावत आणि कुठे लावत नसत

सिनेमात दिसतो तसा प्रत्येक शिपायाच्या डोक्यावर झळाळता बिल्ला नसायचा. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी पायदळाचे जुने फोटो नीट पाहिले तर साध्या शिपायाच्या पगडीवर बहुधा धातूचं काहीच नसतं. त्याची पलटण ओळखू येते ती खांद्यावरच्या पितळी टायटलवरून: पलटणीचा आकडा आणि खाली किंवा शेजारी आखूड नाव. हे टायटल खांद्याच्या पट्टीवर, बाहीच्या शिवणीपासून साधारण बोटभर आत बसायचं. पट्टी सोडवून कपडा धुवायला टाकायचा तर आधी पिन ओढून टायटल काढावं लागे. म्हणूनच पिन आणि पाठीमागची पट्टी या गोष्टी सर्वांत जास्त हरवत आणि आज मूळ पिनेसकट मिळालेलं टायटल जास्त मोलाचं.

म्हणून घरात एकच टायटल मिळालं तर दुसरं हरवलं असणार हे धरूनच चालावं, कारण ती दोन खांद्यांची जोडी असायची. कॉलरचे बिल्लेही जोडीनेच असतात, पण ते एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. प्राणी असेल तर दोन्हींची तोंडं गळ्याकडे, एकमेकांसमोर. विक्रेता ‘जोडी’ म्हणून एकाच बाजूला तोंड केलेले दोन बिल्ले देत असेल तर त्या दोन अर्ध्या जोड्या आहेत.

टोपी आली की जागा बदलते. तिरकी टोपी असेल तर बिल्ला डाव्या बाजूला, डोळ्याच्या वरच्या अंगाला. रुंद काठाची हॅट असेल तर डावीकडे वळवून चिकटवलेल्या काठावर. उजवीकडे बिल्ला असलेला फोटो दिसला तर बहुतेक वेळा तो फोटोच उलटा छापलेला असतो. कोटाची बटणं कोणत्या बाजूने लागली आहेत ते पाहिलं की खात्री पटते.

लढाईवर जाताना चकाकणारी वस्तू कमी केली जाई. दुसऱ्या महायुद्धात तर पितळेचीच टंचाई होती. तेव्हा खांद्यावर कापडी पट्ट्या आल्या, खांद्याच्या पट्टीवर नुसत्या सरकवता येतील अशा. दंडावर डिव्हिजनचं कापडी चिन्ह आलं. चौथ्या इंडियन डिव्हिजनचा काळ्यावर लाल गरुड त्यातला सर्वांत प्रसिद्ध. कोकणातल्या घरांत ही कापडी चिन्हं फार कमी उरली आहेत आणि कारण उघड आहे: वाळवी, कसर आणि चार महिन्यांचा पाऊस. हिरवट कापडाचा जुना तुकडा टाकून देण्याआधी त्यावर भरतकाम किंवा छापलेलं काही आहे का, ते उजेडात धरून पाहा.

हुद्द्याच्या खुणा वेगळ्या. लान्स नाईकाला इंग्रजी व्हीच्या आकाराची एक फीत, नाईकाला दोन, हवालदाराला तीन, सगळ्यांची टोकं खाली, दंडावर. टोक वर असलेली आखूड फीत कोपराखाली दिसली तर ती हुद्द्याची नाही, चांगल्या वर्तणुकीची. या दोघींची गल्लत होऊन ‘आजोबा नाईक होते’ अशी समजूत घरोघर पक्की झालेली असते. १९१६ नंतर डाव्या बाहीवर मनगटाच्या वर साधारण दोन इंचांची उभी सोनेरी पट्टी असेल, तर तो माणूस लढाईत जखमी झाला होता.

जमादार आणि सुभेदार यांच्या खांद्यावर १९०० नंतर तारे आले, जमादाराला एक आणि सुभेदाराला दोन. ब्रिटिश लेफ्टनंटलाही दोनच तारे. मग फरक काय? पहिल्या महायुद्धानंतर हिंदी अधिकाऱ्याच्या ताऱ्याखाली लाल-पिवळी-लाल रिबन घालत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती ताऱ्याखालून निघून तारे आणि टायटल यांच्यामध्ये आली. डबीत सुटा तारा मिळाला आणि त्याच्या मागे लाल-पिवळ्या धाग्याचे तंतू अडकलेले असतील तर ते उपटू नका. त्या चार धाग्यांवरून काळ ठरतो.

आकडा, मुकुट आणि स्पेलिंग

काळ ठरवायला तीन गोष्टी पुरतात आणि त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात.

आकडा आधी. १९०३ साली हिंदी फौजेचा सरसेनापती किचनेर याच्या पुनर्रचनेत जुन्या बॉम्बे पायदळाच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. तिसरी बॉम्बे झाली १०३, पाचवी झाली १०५. मराठा पलटणींचे आकडे होते १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि या सहा पलटणी एका छत्राखाली येऊन पाचवी मऱ्हाटा लाइट इन्फंट्री तयार झाली. १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ झाली प्रशिक्षण बटालियन. म्हणजे खांद्यावर ११० असलेला बिल्ला १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतलाच. त्याआधीचा नाही, नंतरचाही नाही.

मग मुकुट. व्हिक्टोरिया राणीचा मुकुट १९०१ पर्यंत, राजांचा गोल घुमटाचा मुकुट त्यानंतर १९५२ पर्यंत. मधोमध खचलेल्या कमानींचा मुकुट दुसऱ्या एलिझाबेथचा, म्हणजे हिंदी पलटणीच्या बिल्ल्यावर तो असायला कारणच नाही. १९५० पासून आपल्याकडे मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. आता जोडून पाहा: आकडा १०३ आणि वर व्हिक्टोरियाचा मुकुट? अशक्य. १०३ हा आकडाच राणी गेल्यावर दोन वर्षांनी जन्माला आला. बाजारात असे बिल्ले मिळतात आणि ते ‘दुर्मीळ’ म्हणून जास्त भावाने विकले जातात.

तिसरं, इंग्रजी स्पेलिंग. ब्रिटिश काळात ‘मऱ्हाटा’ हे नाव एम-ए-एच-आर-ए असं सुरू होऊन डबल टी आणि ए असं संपे. आजचं, टी-एच-ए असा शेवट असलेलं स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचं. जुना मुकुट आणि नवं स्पेलिंग एकाच बिल्ल्यावर दिसलं तर तो खाली ठेवावा.

मराठा पलटणींच्या बिल्ल्यावर बिगुल का, असं नेहमी विचारलं जातं. ते लाइट इन्फंट्रीचं चिन्ह. पांगून लढणाऱ्या तुकड्यांना हुकूम ढोलावर नाही, बिगुलावर दिले जात. ब्रिटिश लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटांचंही तेच चिन्ह होतं. त्यामुळे नुसता बिगुल बघून ‘मराठा’ म्हणू नये. आकडा किंवा नाव हवंच.

महार पलटणींबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सर्वांत जास्त फसवणूक होते. एकोणिसाव्या शतकात बॉम्बे आर्मीत महार शिपायांची संख्या मोठी होती आणि त्यातले पुष्कळ कोकणातले. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद केली गेली. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतले पेन्शनर, यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो याच काळात. पुढे पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. चार वर्षांचं आयुष्य असलेल्या पलटणीची टायटलं किती उरणार? पण मागणी प्रचंड आहे. म्हणून १११ आकड्याचं काहीही दिसलं की पाठ, कड्या, झीज, वजन सगळं तपासल्याशिवाय पैसे काढू नयेत.

आजच्या महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ ची, बेळगावची. कोरेगावचा स्तंभ असलेला तिचा बिल्ला त्या वेळचा. तो ‘१८१८ सालचा’ म्हणून कुणी विकत असेल तर तो एकतर अज्ञानी आहे किंवा तुम्हाला अज्ञानी समजतो. कोरेगावला लढलेली पलटण पुढे ग्रेनेडियर्समध्ये गेली. १८१८ च्या शिपायांना मिळालेलं पदक फार उशिरा, १८५१ मध्ये, आणि तेव्हा हयात असलेल्यांनाच मिळालं. ‘कोरेगाव’ची पट्टी असलेलं असं पदक गावातल्या जत्रेत तीन हजारांना मिळत नसतं.

पदकं: काठ वाचायला शिका

बिल्ल्यावर माणसाचं नाव नसतं. पदकावर असतं. पहिल्या महायुद्धाची गोल पदकं ३६ मिलिमीटर व्यासाची. त्यांच्या काठावर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात तिथे, क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते. सकाळच्या तिरप्या उन्हात काठ हळूहळू फिरवत वाचायचं. अक्षरं झिजली असतील तर काठावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, उठून येतील. स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं केलेलं असतं. ‘विठू’, ‘धोंडू’, ‘सखाराम’ यांची काय काय रूपं होतात ते पाहून चक्रावू नका. मोठ्याने वाचलं की कळतं.

चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल: पुढे पाचवे जॉर्ज, मागे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. ब्राँझचं व्हिक्टरी मेडल: पंखांची देवी, आणि रिबन दोन इंद्रधनुष्यं शेजारी ठेवल्यासारखी. तिसरं १९१४-१५ स्टार, चार टोकांचं, ब्राँझचं. याच्या काठावर नाही, पाठीवर नाव असतं. नियम असा होता की स्टार कधीच एकटा दिला जात नसे, तो मिळणाऱ्याला उरलेली दोनही पदकं मिळत. व्हिक्टरीबरोबरही चांदीचं पदक असायचंच. त्यामुळे घरात स्टार आणि व्हिक्टरी आहे, पण चांदीचं नाही, असं दिसलं तर ते कधीकाळी सोनाराकडे गेलं. एक औंसाच्या आसपास चांदी असायची त्यात. अडल्यानडल्या घराने ती मोडली, यात नवल नाही.

स्टारवर १०३, ११० किंवा ११७ मराठा असेल तर तो शिपाई १९१५ संपायच्या आत युद्धभूमीवर पोहोचला होता. या तीनही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ ला झाली. अशा स्टारच्या मालकाचं नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या इंटरनेटवरच्या यादीत जरूर शोधा. तिथे मृत शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडी पाट्यांवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली गेली नाहीत, तिथे पलटणीगणिक फक्त आकडा दिला, पण यादीत नाव आहे. शोधताना आडनावापेक्षा क्रमांक आणि पलटण टाकली तर लवकर सापडतं.

कोकणासाठी महत्त्वाचं आणखी एक पदक म्हणजे व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं. बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर. पहिल्या महायुद्धातल्या खलाशांना मर्कंटाइल मरीन वॉर मेडल मिळालं. ते ब्राँझचं आहे, मागे लाटा कापणारी आगबोट आणि बुडणारी पाणबुडी, रिबन हिरवी आणि लाल, मध्ये पांढरी बारीक रेघ. काठावर फक्त नाव असतं, क्रमांक नाही, जहाजही नाही. म्हणून लोक त्याला ‘अर्धवट’ किंवा ‘नकली’ समजतात. ते तसंच असतं. तसंच लेबर कोअरच्या, म्हणजे फौजेबरोबरच्या मजूर तुकड्यांच्या, लोकांना ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझमध्ये मिळालं, म्हणजे ब्राँझ दिसलं की खोटं, असंही नाही.

आणखी एक वस्तू: साधारण १२० मिलिमीटर व्यासाची जाड ब्राँझची थाळी, वर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंह, चौकटीत नुसतं नाव. हुद्दा नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी ती पाठवली जाई. हुद्दा मुद्दाम गाळला होता, मृत्यूत सगळे सारखे म्हणून.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे. त्यांच्यावर नाव असेलच असं नाही, त्यामुळे घरातल्या कागदांशिवाय ते कुणाचे हे सांगता येत नाही. पेन्शनबुक, डिस्चार्ज सर्टिफिकेट हे पदकाबरोबरच ठेवा, वेगळं करू नका. माणगावचे यशवंत घाडगे, पाचव्या मऱ्हाटा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या बटालियनमधल्या शिपायाच्या संचात इटली स्टार असणं म्हणूनच स्वाभाविक आहे.

छातीवर लावायचा क्रम ठरलेला: डाव्या छातीवर, सर्वांत मानाचं पदक बटणांच्या बाजूला, उरलेली खांद्याकडे. समोरून पाहणाऱ्याला ते डावीकडून उजवीकडे वाचता येतं. रोजच्या गणवेशावर पदक नाही, फक्त रिबनच्या पट्ट्या. रिबनवर ओकच्या पानाचं ब्राँझचं छोटं चिन्ह असेल तर सेनापतीच्या अहवालात त्या माणसाचा नावाने उल्लेख झाला होता. फोटोत क्रम चुकलेला दिसला तर घाबरू नका. सुट्टीवर आलेल्या माणसाने दापोलीत किंवा मुंबईत स्टुडिओत काढलेल्या फोटोत रिबनी आवडीनुसार लावलेल्या असू शकतात.

खोटं कसं ओळखायचं

लागणारं सामान थोडं: दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, दशांश ग्रॅमपर्यंतचा वजनकाटा आणि लोहचुंबक. पितळ, चांदी, ब्राँझ आणि तांबं-निकेल यांतलं काहीही चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, विषय संपला.

साच्यात ठोकून केलेल्या बिल्ल्याची पाठ पोकळ असते आणि पुढच्या चित्राची उलटी छाप मागे दिसते. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, साधारण दीड-दोन टक्के. म्हणजे ४० मिलिमीटरचा बिल्ला ३९.३ च्या आसपास येतो. कॅलिपर म्हणूनच हवा. ओतीव कामात पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि खरखर दिसते, बारीक रेषा बोथट होतात.

पण इथेच नवशिके दुसऱ्या टोकाला जातात. ओतीव म्हणजे खोटा, असा नियम परदेशातल्या संग्राहकांनी केला. हिंदुस्थानात पलटणींची टायटलं स्थानिक कारागिरांकडून वाळूच्या साच्यात ओतून घेतली जात. ती ओबडधोबड असत, कड्या हाताने वळलेल्या असत, आणि तरीही ती अस्सल असतात. ओतीव बिल्ल्याचा निकाल मागच्या झिजेवर लावायचा. ओबडधोबड कड्या, पण आतून पिनेने घासलेल्या, पुढचे उंचवटे पॉलिशने गेलेले, असं असेल तर त्याला खरा धरायला हरकत नाही.

पदकाच्या बाबतीत पाहायचं ते काठाकडे. जुनं नाव घासून काढून नवं कोरलं असेल तर व्यास ३६ पेक्षा थोडा कमी भरतो आणि काठ मधोमध खोलगट होतो. कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. चारही आकडे सारखे यायला हवेत.

कोकणातली हवा आणि चिंच

आपल्याकडे पितळ घासायला चिंच, आमसुलाचं पाणी आणि राख. पातेल्याला ठीक, बिल्ल्याला नाही. आंबट पाण्याने जुना तपकिरी थर तर जातोच, शिवाय जस्त विरघळून पितळ वरवर गुलाबी-तांबूस होतं आणि ते परत येत नाही. राखेने काठावरचं नाव झिजतं. अमोनिया असलेलं पॉलिश तर पातळ ठोकीव पितळेला तडेच पाडतं. ब्रिटिशांना हा प्रकार इथेच कळला: पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या आपोआप चिरत, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया.

खारी हवा आणखी वाईट. हवेतलं मीठ ब्राँझवर बसलं की गडद हिरव्या कळंकाऐवजी फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी उठते. ती पुसली तरी पुन्हा येते, कारण मीठ आत शिरलेलं असतं. ती आधी लाकडी दातकोरणीने, कोरडीच, काढा. बिल्ला डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर. मग मऊ कापडाने टिपून पूर्ण वाळवा, निदान दोन दिवस. वर मेणाचा अगदी पातळ हात फिरवा. रिबन आधीच काढून ठेवा. जुने रंग पाण्यात उतरतात. रिबन शिवलेली असेल आणि निघत नसेल, तर ते पदक धुऊच नका.

ठेवायला घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा. पाच लिटरच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. त्याचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डबा विनाकारण उघडायचा नाही. नाण्यांच्या मऊ प्लास्टिकच्या वह्या नकोत, त्यातून हिरवा चिकट द्रव सुटतो. रबरबँडने चांदी काळी पडते, वर्तमानपत्राने शाई आणि आम्ल लागतं, डांबरगोळ्या रिबनीजवळ नकोत.

कायद्याचं एवढं लक्षात असू द्या. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत. त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाने चांगला भाव सांगितला तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा लेखी दाखला हातात नसताना ती कुरिअरला द्यायची नाहीत. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. किल्ल्यावर मेटल डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचारही करू नये. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि सैनिक असल्याचं भासवण्यासाठी सैनिकाचा गणवेश किंवा चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली येतं. आजोबांची पदकं १५ ऑगस्टला लावायची हौस असेल तर ती साध्या कपड्यांवर आणि उजव्या छातीवर लावा. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची, असा ब्रिटनमधल्या सैनिकांच्या घरांतला प्रघात आहे आणि तो आपणही पाळायला हरकत नाही.